वर्ल्ड कप आणि लावणीची रजा

१२ जून २०१८, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.

सिंगापूरला अमेरिकेचे आणि उत्तर कोरियाचे साहेब भेटले. हात मिळवले, फोटो काढले. माझं मत: टिकणार नाही. दोघेही बॉल पायाशी धरून ठेवणारे, पास द्यायची सवयच नाही. शेजारच्या सावळारामला हे समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, तुजी पेरनी झाली का रे? या गावाला जगाचं काही पडलेलं नाही.

(भाताची पेरणी शनिवारीच झाली. देवकीनं केली, मी देखरेख केली.)

१४ जून, गुरुवार. संध्याकाळी ६

आज वर्ल्ड कप सुरू. वाशिंदपासून आमच्या गावापर्यंत सगळे टेनिस बॉल क्रिकेटवाले. फुटबॉलचा सपोर्टर मी एकटा, त्यामुळे जबाबदारी मोठी आहे. यंदा जर्मनी. कल्याणहून जर्सी आणली, पांढरी, काठाला काळी-लाल-पिवळी पट्टी. जर्मनीच का, तर शिस्त. माझ्यात आणि त्यांच्यात तेवढं एक सारखं आहे.

संकल्प: चौसष्टच्या चौसष्ट मॅच बघणे. रोज पहाटे पाचला उठून पळणे.

१५ जून. सकाळी साडेनऊ

आज पळणं जमलं नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी खेळाडूही विश्रांतीच घेतात.

१८ जून

काल मेक्सिकोनं जर्मनीला हरवलं. डावपेच आहे. मोठी माणसं सुरुवातीला मुद्दाम हरतात.

२३ जून, शनिवार

राज्यात प्लास्टिकबंदी लागू. पिशवीबद्दल ठीक आहे. पण लावणीत बायका डोक्यावर जो कागद घेतात त्याचं काय? देवकी म्हणाली, त्याला बंदी नाय, पेपर नीट वाचा. पेपर मी शेवटच्या पानापासून वाचतो, पहिल्या पानापर्यंत पोचेस्तोवर चहा थंड होतो.

२८ जून, गुरुवार

काल दक्षिण कोरियानं जर्मनीला दोन गोल मारून घरी पाठवलं. खरं सांगायचं तर जर्मनी मला मनापासून कधीच पटली नव्हती. नुसती शिस्त काय कामाची? माणसात आग पाहिजे. मी आतून पहिल्यापासून अर्जेंटिनाचाच.

जर्सी देवकीनं फडक्याला मागितली. दिली नाही.

२९ जून

कंपनीत रजेचा अर्ज टाकला. दोन ते पंधरा जुलै, कारण: लावणी. साहेबांनी एका सेकंदात सही केली. शहापूर-मुरबाडकडची निम्मी माणसं या दिवसांत हेच कारण देतात. बाद फेरीच्या तारखा आणि लावणीच्या तारखा एकच आल्या, यात माझा काही दोष नाही. दोन्ही करणार. माणसाला टाइम मॅनेजमेंट जमलं पाहिजे.

१ जुलै, रविवार

काल अर्जेंटिना गेली. चार-तीन. बचाव म्हणजे मोकाट गुरांनी वाकवलेलं कुंपण. त्यांचं भवितव्य मला आधीच दिसलं होतं, बोललो नाही एवढंच. आता ब्राझील. फुटबॉल म्हणजे शेवटी ब्राझीलच.

संध्याकाळी गुणाबाईच्या ओट्यावर सावड ठरली. गावातली लावणी तिच्या शब्दावर चालते. नियम साधा: ज्याची पाळी, त्याच्या शेतात बाकीच्या घरांनी जायचं, घरटी दोन माणसं. मजुरी नाही. त्या दिवशीचं जेवण त्या घरचं. जो दुसऱ्याकडे जात नाही, त्याच्याकडे कोणी जात नाही. आमच्या घरून मी आणि देवकी. बाबांचं वय एकाहत्तर, गुडघा गेलाय, त्यांना सुट्टी.

मी पंधरा तारीख मागून घेतली. सेमीफायनलचा आठवडा मोकळा ठेवायचा होता. गुणाबाई म्हणाली, लय उशीर होतो रे, महिन्यावर रोप ऱ्हायला का पिवळा परतो, मग लावून काय उपेग? तुमचा वरसाचा भात हाय त्यात. मी म्हटलं, सगळा विचार केलाय. केला होता. पंधराला रविवार, दुपारी चारपर्यंत लावणी उरकते आणि साडेआठला फायनल.

सावड म्हणजे काय? टीमवर्क. हे मी ओट्यावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. दोघी उठून गेल्या, पण त्यांना गुरं बांधायची होती.

३ जुलै, मंगळवार. सकाळी १०

आज सावडीचा पहिला दिवस, गुणाबाईचं शेत. देवकीनं पावणेसहाला उठवलं. पण काल बेल्जियम आणि जपानची मॅच होती. शून्य-दोनवरून बेल्जियमनं तीन-दोन केलं, तेही शेवटच्या क्षणी. असं काही बघितलेला माणूस पावणेसहाला उठूच शकत नाही. देवकीला सांगितलं, तू पुढे हो, मी आलोच.

दुपारी १. निघणार होतो. आता गेलो तर लोक म्हणतील जेवायला आला. स्वाभिमान आडवा आला.

४ जुलै

कंबर धरली आहे. बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूंनाही कंबरदुखी होते, मी वाचलंय.

बाबा हल्ली पहाटे उठून फिरायला जातात. या वयात व्यायाम सुरू केला. माझ्या पळण्याच्या संकल्पाचा घरावर परिणाम होतोय.

५ जुलै

मॅच नव्हती. तरी गेलो नाही. कंबर ही कंबर असते, तिला टाइमटेबल कळत नाही.

दुपारी टीव्हीवर एक सिनेमा लागला होता, शेतकऱ्यावरचा. हिरो बांधावर उभा राहून गाणं म्हणतो आणि खाली चिखलात बायका लावणी करतात. हिरोच्या पँटला शिंतोडासुद्धा नाही. असल्या सिनेमांचा वास्तवाशी काही संबंध? चॅनेल बदललं आणि पाय वर घेऊन पडलो.

७ जुलै, शनिवार. दुपारी १२

ब्राझील गेलं. बेल्जियमनं घालवलं. जेवलो नाही. म्हणजे सकाळी नाश्ता केला, पण चव लागली नाही.

ब्राझीलचा प्रॉब्लेम एकच, जरा धक्का लागला की मैदानावर लोळतात. खोटं दुखणं घेऊन पडून राहायचं आणि दुसऱ्यांनी पळायचं. मला त्याचीच चीड आहे.

आता इंग्लंड. दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर, पण खेळात राजकारण आणायचं नाही. सावळारामला सांगितलं तर त्याला आनंदच झाला. तिकडे आपली क्रिकेट टीम इंग्लंडमध्ये खेळते आहे. हात जोडून म्हणाला, जगदीशभाऊ, इंग्लंडचा सपोर्ट सोडू नको, तुजा पाय लय गुणाचा.

जाता जाता म्हणाला, सोमवारी माज्या वरच्या खाचरात ये. मी म्हटलं, नक्की.

९ जुलै, सोमवार

थायलंडमध्ये मुलांची एक फुटबॉल टीम पाण्यानं भरलेल्या गुहेत अडकली आहे. बारा मुलं आणि कोच. कालपासून एकेकाला बाहेर काढताहेत. सकाळी सहापासून टीव्हीसमोरून हललो नाही. अशा वेळी आपल्या शेतातल्या चिखलाचं काय घेऊन बसायचं? टीमवर संकट आलं की सगळ्यांनी धावून जायचं असतं. मी असतो तर भातसानगरच्या धरणावरचे दोन पंप नेऊन एका दिवसात गुहा कोरडी केली असती. देवकी जाताना म्हणाली, सावळारामभावोजी वाट बघत असतील. मी टीव्हीकडे बोट केलं. ती मान हलवून निघाली. परिस्थितीचं गांभीर्य तिलाही कळलं.

बाबा अजून फिरून यायचे आहेत. दुपारचे दोन वाजले. जास्तच लांब जातात.

१२ जुलै, गुरुवार. दुपारी दीड

आत्ता उठलो. इंग्लंड संपलं. क्रोएशियानं एक्स्ट्रा टाइममध्ये दुसरा गोल मारला, तेव्हा मी उशी फेकली, ती गणपतीच्या कोनाड्यात गेली. पाया पडलो.

घरात कोणी नाही. चुलीजवळ मोठं पातेलं, आपण लग्नाकार्याला काढतो ते. भात, सुक्या बोंबलांचं कालवण, शेजारी भाकऱ्यांची रिकामी टोपली. इंग्लंड हरलं म्हणून देवकीनं माझ्यासाठी एवढा घाट घातला. तोंडानं दोन शब्द बोलणार नाही, पण स्वयंपाकातून माणूस कळतं. पातेलं पाऊण रिकामं होतं. बाबांची भूक फिरण्यानं चांगलीच वाढलेली दिसते. मी तीनदा घेतलं.

फायनलला क्रोएशिया. चाळीस लाखांचा देश. लहानांच्या बाजूनं उभं राहणं हा माझा मूळ स्वभाव.

१४ जुलै, शनिवार

उद्या माझी लावणी. दिवसभर कागदावर आखणी केली. चार खाचरं, सोळा माणसं. ४-४-२ पद्धतीनं चौघी वरच्या खाचरात, चौघी मधल्या, दोघी पुढे. रोपांच्या मुठी टाकायला दोघे पुरुष. बाकीचे राखीव. मी बांधावर. मॅनेजर मैदानात उतरत नाही. वाशिंदहून शिट्टी आणली.

मनात एक धाकधूक आहे, ती इथेच लिहितो. मी कोणाकडेच गेलो नाही. उद्या कोणी आलंच नाही तर? रोपं पस्तीस दिवसांची झाली. पण माणसं मनानं मोठी असतात आणि माझी कंबर साऱ्या गावाला ठाऊक आहे.

देवकीला सांगितलं, सगळ्यांना सातला शार्प बोलव. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बरं. कौतुक वाटलं असणार.

१५ जुलै, रविवार. सकाळी ११

जसं घडलं तसं लिहितो.

साडेसहाला शिट्टी आणि कागद घेऊन शेतावर गेलो. घरात कोणी नव्हतं, म्हटलं सगळे आधीच पोचले. शेतावर चिटपाखरू नाही आणि चारही खाचरं लावलेली. सरळ ओळी, घोट्याएवढं पाणी, रोपं मान वर काढून उभी. आधी वाटलं, शेत चुकलो. मग बांधावरचा आमचा आंबा बघितला. शेत माझंच.

मग वाटलं, कोणीतरी चुकून स्वतःची लावणी माझ्या शेतात करून गेलंय.

बायकांचा आवाज नाल्यापलीकडून, सावळारामच्या खालच्या खाचरातून येत होता. तिकडे पळत गेलो आणि बांधावरून ओरडलो, माझ्या शेतात कोणीतरी लावणी केलीय!

वाकलेले सगळे सरळ झाले. मग जे हसले. एकजण हसता हसता चिखलात बसली. देवकी मुठी खाली टाकून, पोट धरून हसत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

गुणाबाईनं डोळे पुसत सांगितलं, आमीच केली रे, गुरवारी. रोपा पिवळी परली व्हती, म्हून तुजी पाली पुढं घेतली. मी म्हटलं, मी तर कोणाकडे आलो नाही, तुम्ही कसे आलात? ती म्हणाली, तुज्या घरची दोन मानसा रोज व्हती का नाय?

मी विचारलं, दोन कोण?

तेव्हा ओळीच्या टोकाला बाबा दिसले. धोतर वर खोचलेलं, एक गुडघा फडक्यानं बांधलेला. ते हसत नव्हते. वाकून रोप लावत होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फडकं पांढरं होतं, काठाला काळी-लाल-पिवळी पट्टी.

देवकीला म्हटलं, मला उठवायचं तरी. ती म्हणाली, उठवला व्हता गुरवारी. तुमी झोपेतच बोल्लात, थांब, अजून एक्स्ट्रा टाइम हाय.

पुन्हा हशा.

मी पँट वर केली आणि खाली उतरलो. म्हटलं, बाबा, सरका, मी लावतो. गुणाबाई म्हणाली, नको रे जगदीश, लाइन मोडंल आमची. आता दोनच खाचरा ऱ्हायली. घरी जा, तुजी म्याच असंल.

टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरंच काळजीनं बोलली. चिखलातून पाय काढला, नाल्यात धुतला आणि आलो. लाज वाटते आहे. दुसरा शब्द शोधून बघितला, नाही सापडला.

रात्री. क्रोएशिया हरलं, चार-दोन. बाबा आणि देवकी आठलाच झोपले. आवाज बंद करून बघितली.

१६ जुलै, सोमवार. कंपनी, जेवणाची सुट्टी

आज कामावर हजर. साहेबांनी गेटवर विचारलं, लावणी झाली? झाली म्हटलं. रजेच्या अर्जात जे लिहिलं होतं, ते खरं निघालं, एवढ्यापुरतं मन शांत झालं.

जेवायला मुरबाडकडचा स्वरूप शेजारी बसला. तोही लावणीच्या रजेवरून आजच आलाय. आणखी चौघे आहेत. प्रत्येकाची नखं काळी, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, तळवे फुटलेले. भाकरी मोडताना आई गं म्हणतात आणि हसतात. कोणाचे हात जास्त गेले, ते टेबलावर ठेवून एकमेकांना दाखवणं चाललंय. स्वरूप म्हणाला, जगदीश, तुजे बघू, तुजी तर चार खाचरा.

मी म्हटलं, आधी जेवून घ्या.

डबा समोर आहे. देवकीनं तांदळाची भाकरी आणि वाल दिलेत. ते पाचजण उठेपर्यंत उघडता येत नाही. डावा हात मांडीखाली धरलाय, वही टेबलाखाली मांडीवर ठेवून उजव्यानं हे लिहितोय. सुट्टी संपायला सात मिनिटं आहेत आणि त्यांच्या गप्पा संपत नाहीत. भूक फार लागली आहे.