कोठी क्रमांक चारचं झाकण

सोमवार, ८ जानेवारी
सौदीत, जिझानला सुखरूप पोचलो. देवगडचा ज्ञानेश आता युद्धनौकेवर वेल्डर आहे, हे आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. लढाई लागली तर पहिल्या विमानाने घरी ये म्हणाली. तिला समजावलं की ही नौका साठ-सत्तर वर्षांची म्हातारी आहे, परदेशी आरमारातून निवृत्त झाली आणि इथे ओढत आणली. तिचं आता संग्रहालय होतंय. तोफांवर पोरं बसून फोटो काढणार.

खोलीत मालवणचा केरू आहे, फिटर. आल्या आल्या त्याने सुक्या बांगड्याची किसमूर वाढली. मी भुताखेतांना भितो हे कळल्यावर मनसोक्त टिंगलही केली. माणूस सोन्यासारखा.

बुधवार, १० जानेवारी
आम्हा दोघांना कोठी क्रमांक चार मिळाली. नौकेच्या तळाशी आहे, पूर्वी इथे दारूगोळा असायचा. उतरताना झाकणाजवळच्या फळ्यावर आपला पितळी बिल्ला लावायचा, वर आलो की काढायचा. फळा रिकामा म्हणजे कोठी रिकामी. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, असं सुरक्षेचा ताजुद्दीन दर वेळी बजावतो. तो हैदराबादचा, बोलायला लागला की थांबत नाही. पण फळ्यापाशी रेंगाळलं की जेवणाची बस चुकते, म्हणून केरूने आणि मी सोय केलीय. जो आधी वर येईल तो दोघांचेही काढतो. मैत्री म्हणजे तरी दुसरं काय?

सोमवार, १५ जानेवारी
आज नौकेवरचे जुने खलाशी तिला बघायला आले. सहा म्हातारे. एकाने तोफेच्या नळीला गाल लावला आणि मुसमुसून रडला. मलाही भरून आलं.

सर्वांत म्हाताऱ्याने आमच्या झाकणावर हात ठेवून काही सांगितलं, ते ताजुद्दीनने आम्हाला हिंदीत सांगितलं. लढाईत पाणी शिरलं तेव्हा हे झाकण त्यानेच लावलं. खाली चौघे होते. दोन दिवस आतून ठोकत होते. नौका वाचवायची म्हणून याने उघडलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन म्हणाला. मग खिशातून चॉकलेटं काढून आम्हाला वाटली. मला तो राक्षस वाटला. केरूने चॉकलेट खाल्लं.

त्या चौघांचं स्मारक म्हणून कोठी कायमची बंद करायचं ठरलंय.

गुरुवार, १८ जानेवारी
केरूची दम्मामला बदली, बस आज दुपारची. कोठीत फोन नेता येत नाही, म्हणून फोन पिशवीत घालून पिशवी त्याने सकाळीच बसवर चढवून ठेवली. मग शेवटचे बोल्ट काढायला आम्ही दोघे उतरलो. तो मागच्या टाकीपाशी, कानांत बोळे घालून. साडेअकराला मी हाक मारली, उत्तर नाही. वाटलं, बसच्या घाईत पुढे गेला. बिल्ला मात्र विसरला होता गाढव! माझ्याबरोबर त्याचाही काढला.

ताजुद्दीनने रिकामा फळा बघितला आणि झाकण लावायला सांगितलं. मी चहूबाजूंनी वेल्ड मारला, आजवरचा सर्वांत देखणा. केरू निरोप न घेता गेला, याचा राग आलाय.

शुक्रवार, १९ जानेवारी
सुट्टी. बिर्याणी खाऊन ताणून दिली. केरूला तीनदा फोन केला, उचलत नाही. शेफारलाय लेकाचा.

शनिवार, २० जानेवारी
झाकणाखालून ठोके येतात. तीन, मग थांबतात, पुन्हा तीन.

फोरमन शाहिद म्हणतो, लोहा है, धूप में बोलता है. ताजुद्दीन म्हणतो, तेच चौघे. दुपारी नौका बघायला पाहुणे आले, त्यांनाही ऐकू आलं. खूश झाले. झाकणाला फोन लावून आवाज टिपून घेतला. मी मात्र लांब जाऊन उभा राहिलो. केरू असता तर हसला असता.

रविवार, २१ जानेवारी, दुपार
राहवेना. कोणी नसताना झाकणापुढे खजूर ठेवला आणि गावासारखं गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, जे कोण थंय असात ते थंयच ऱ्हवा. वर येव नकात. लेकराक त्रास देव नकात.

दर वाक्यानंतर एक ठोका आला. गावात सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, बरोब्बर त्या जागी. मग शांत. मान्य केलं त्यांनी. किती हलकं वाटतंय!

रविवार, संध्याकाळ, सहा
दम्मामहून फोन. पिशवी पोचली. केरू नाही. बसमध्ये तो चढलाच नव्हता —

परदेशी खलाशांना ‘व्हय म्हाराजा’ कुठे म्हणायचं ते कसं ठाऊक?

तो मला ओळख देत होता. आणि मी त्याला सांगितलं, थंयच ऱ्हव —

बिल्ला मी काढला. वेल्ड माझा. आता सांगितलं तर मला तुरुंगात — आई एकटी — सकाळी सांगेन. शाहिद असेल, कटर असेल. त्याच्याकडे पाण्याची बाटली होती. एवढी एक रात्र —

सोमवार, २२ जानेवारी
कापलं. मीच.

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीला मिठी मारून. हातोडी हातात. बाटली कोरडी.

डॉक्टरने मान हलवली. दोन तास झाले असतील म्हणाला. फार तर तीन.

अंग अजून ऊबदार होतं. मीच धरून वर घेतलं — ऊबदार —

दोन तास. आणि मला काल सहा वाजता — सहा वाजल्यापासून मला —