डिस्क माझ्याकडे, पासवर्ड तिच्याकडे

मॅडम, तुमच्या दारव्ह्याच्या लॅबमधला कॉम्प्युटर गेल्या महिन्यात जळाला. गेलेली लाइन एकदम आली आणि डबा धूर सोडून बसला. बारा वर्षांपूर्वी तुम्ही गेलात, तेव्हापासून लॅब मीच चालवते. तुमच्या काळापासूनचे सगळे रिपोर्ट त्यातच होते. तरी मी घाबरले नाही. दर शनिवारी बॅकअप घेऊन हार्ड डिस्क घरी न्यायची, कपाटात ठेवायची, हा तुमचा नेम मी एकदाही मोडलेला नाही. नवा कॉम्प्युटर आणला, डिस्क लावली, आणि त्यानं पासवर्ड मागितला. इतकी वर्षं रिपोर्ट आत टाकताना कधी विचारलं नव्हतं, कारण जुन्या मशीनला तो ठाऊक होता. मला नव्हता. माणसांत तो फक्त तिला ठाऊक होता, तुमच्या हाताखाली माझ्यासोबत काम करणाऱ्या त्या दुसरीला.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? बाजाराचा वार, बाहेर बाकावर माणसं दाटलेली, आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्यावर कडाडता. तुमच्याकडे मी पहिल्या दिवशी शिकले ते हेच, की नाव नसलेली नळी म्हणजे टाकून द्यायची नळी. रक्त काढलं की आधी चिकटपट्टी, तिच्यावर नाव, मग बाकीचं. हाताला सवयच लागली. म्हणून डिस्कलाही मी पट्टी लावली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात पासवर्ड लिहिला. "कुलपालेच किल्ली टांगून ठेवतं का वं?" तुम्ही म्हणालात. "पोरींचे सिकलसेलचे रिपोर्ट आहेत याच्यात. डिस्क जीपमध्ये राहली अन् कोणाच्या हाती लागली, तर किती सोयरिकी मोडतीन, मालूम आहे?" चूक माझीच होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पासवर्ड बदललात आणि नवा तिला सांगितलात. माझ्यामागून दोन वर्षांनी आलेली, जिला धड शीर सापडत नव्हती, तिला! डिस्क मात्र माझ्याकडेच ठेवलीत. ओझं मला आणि विश्वास तिच्यावर, असं मी मनात धरून बसले. डब्यातली अंबाडीची भाजी तुम्ही आधी कुणाला वाढता, हेही मी तेव्हापासून बघायला लागले.

कॉम्प्युटरवाल्यानं हात वर केले. "पासवर्डाबिगर आतलं सारं गिचमिड आहे ताई. डिस्क फोडली तरी वाचता येत नाही," म्हणाला. म्हणजे तिला फोन करणं आलं. दोन दिवस मी केला नाही. तिसऱ्या दिवशी झरीकडची एक बाई सिकलसेल असलेल्या लेकीला घेऊन आली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचे लहानपणापासूनचे रिपोर्ट मागितले होते, त्याशिवाय औषध ठरवता येईना. ती पोर बाकावर धापा टाकत बसलेली पाहिली आणि मुकाट्यानं फोन लावला.

ती आर्णीहून स्कूटीवर दुपारी आली. तिथं आता तिची स्वतःची लॅब आहे, आणि तिचा बोर्ड माझ्या बोर्डापेक्षा मोठा आहे, हे मी येता-जाता पाहून ठेवलेलं आहे. तिनं माझ्यासमोरच पासवर्ड टाकला, मला लिहून घ्यायला लावला, आणि एकेक रिपोर्ट परत यायला लागला. त्या पोरीचे सगळे निघाले. मग चहा पिता पिता ती म्हणाली, "काहून नाही मागतला वं इतके वर्सं? मॅडमनं दुखण्यात सांगतलं होतं मले, तिनं मागतला का लगेच देजो. राग उतरला का मागनच ते."

"मग तूच काहून नाही दिला?"

"तू बोलत होती कुठं माह्यासंगं?"

बारा वर्षं, मॅडम. एका फोनचं काम होतं. आणि हेसुद्धा तुम्ही तिलाच सांगून गेलात, मला नाही. त्याचाही मला रागच आला, खोटं कशाला बोलू.

हे पत्र कुठे टाकणार? डिस्कच्या कपाटातच ठेवीन. पासवर्ड तिथं नाही, तो दुसरीकडे आहे, काळजी करू नका. जाताना तिनं विचारलं होतं, "अंदाजानं टाकून पाह्यला का?" मी नाही म्हणाले. पाहिला होता. त्या दोन दिवसांत सगळ्यात आधी मी माझं नाव टाकलं. उघडलं नाही. मग तिचं टाकलं. तेही चाललं नाही, तेव्हा आतले सगळे रिपोर्ट बुडाले तरी चालतील, इतकं मला बरं वाटलं होतं.