फियाटच्या ब्लॉकचं माप

३ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या फियाटचं इंजिन अखेर उतरवलं. चारी सिलिंडर झिजलेत. मीच मोजले. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं लेथ आणि मापं शिकवली, पण घरी सिलिंडर आतून कापून मोठे करायचं बोअरिंग मशीन नाही, म्हणून दुसऱ्याच्या दारात जाणं आलं. कापून मोठ्या झालेल्या सिलिंडरात बसतील असे जाड, ४० साइजचे पिस्टन पुण्याहून मागवले.
पालमला बायकोची, सुमतीची, थोरली बहीण, आक्का, अंथरुणावर. बापाच्या गाडीतून दोघींनी गावात एक चक्कर मारायची, असं ठरलंय म्हणे. लग्नानंतर बायकोनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

५ फेब्रुवारी
परभणीत बोअरिंगची दोन दुकानं पाहिली. पहिल्या महाशयांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि निदान केलं. ट्रॅक्टरची इंजिनं करून करून बोटालाच कळतंय म्हणे. बाजारात बैल बघतात तसं. दुसऱ्याकडे मायक्रोमीटर होता. कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला.

९ फेब्रुवारी
जिंतूर रोडवरच्या दुकानात माझाच जुना विद्यार्थी. पाया पडला, चहा पाजला आणि म्हणाला, सर, कशाला लफड्यात पडता, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो. म्हणजे आक्काला बापाच्या गाडीचा नुसता पत्रा दाखवायचा.
याला मी पास केलं होतं.

१२ फेब्रुवारी
पिस्टन आले. ब्लॉक, म्हणजे चारी सिलिंडरांचा ओतीव ठोकळा, ऑटोत घालून पूर्णेला गेलो. तिथल्या मिस्त्रीचं नाव ऐकून होतो. मिस्त्री खाटेवर, डोळे गेलेले. काम मुलगी करते. नसरीन, चाळिशीची. मनात म्हटलं, झालं.
पण मशीन लख्ख. मोजायचं गेज कापडात गुंडाळलेलं. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजला, खडूनं लिहिला. मग म्हणाली, "सर, चाळीसमधी तिसऱ्याची झीज साफ व्हायची न्हाई. साठ लागंल. अन् साठच्या पुढं ह्या ब्लॉकला जागा न्हाई. चुकलं की भंगार."
मी माझी शिकवण्याची एकतीस वर्षं सांगितली.
"तुमी शिकवलं असंल. माप हेच हाय. परत बघा."
नाही बघितलं. ब्लॉक उचलायला लावला आणि परत आलो. दुकानात बाईमाणूस बसवल्यावर दुसरं काय ऐकायला मिळणार.

१३ फेब्रुवारी
घरी तिसरा सिलिंडर तीनदा मोजला. तीन वेगळी मापं. गेज बिघडलंय, असं सुमतीला सांगितलं. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली, हात धुतले, म्हणाली द्या इकडं. कसं धरायचं ते सांगितलं. आकडा वाचला तिनं. नसरीनचाच. पुन्हा धर म्हटलं. तोच.
"हात कापतो तुमचा. दिवाळीपासनं."
म्हणजे हिला माहीत होतं. चहाची कपबशी हल्ली भरून का देत नाही, ते आज कळलं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा पूर्णा. माफी वगैरे मागितली नाही, ब्लॉक ठेवला फक्त. तिनंही मागचं काही काढलं नाही. साठचे पिस्टन मागवले. आठ दिवस लागतील. अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस नेमकं मोजणारं निघालं, आणि ते मला खोटं पाडायला.

१८ फेब्रुवारी
सकाळी पालमहून भाच्याचा फोन. आक्कानं कालपासून अन्न सोडलंय.
नसरीनला फोन लावला. म्हटलं, पिस्टनची वाट बघू नका, साठ धरून आजच कापायला घ्या, मी सांगतो. 
"पिस्टन हातात आल्याबिगर मी कापत न्हाई, सर. डब्यावर साठ लिव्हलंय म्हून साठच निघंल असं न्हाई."
बरोबर. शब्दन् शब्द बरोबर. दर जूनमध्ये नव्या बॅचला पहिल्या तासाला हेच फळ्यावर लिहून द्यायचो, आणि जो ऐकत नसे त्याला बाहेर काढायचो.
सुमतीनं पिशवी भरली. दुपारच्या बसनं जाऊ म्हणाली. बस गेली. पिशवी दारात आहे, ती पायरीवर बसलीय. विचारलं तर म्हणते, गाडीशिवाय आक्कापुढं कशी जाऊ, उद्या बघू.