हात लावायचा नाही

६ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. हेतू एकच. साडूचं नाक कापणे.

काल त्याच्याकडे जेवण होतं. घरभर पाहुणे. त्याने पुन्हा लिफ्टची गोष्ट काढली. मी लिफ्ट मेंटेनन्सचा सुपरवायझर, आणि त्याच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकलो. तेही चांगली चालणारी लिफ्ट स्वतः उघडून बघितल्यावर. गोष्ट खरी आहे, पण सांगायचीही काही रीत असते. सगळे हसले. सासरे सगळ्यात जास्त हसले. बायकोही हसली. घरी आल्यावर म्हणाली, तो खोकला होता.

मी थोरला जावई. पण सासरे राहतात धाकट्याकडे. त्याच्या हॉलमध्ये मोठा फिश टँक आहे, त्याच्यासमोर खुर्ची टाकून दिवसच्या दिवस बसतात. बाबांनी थोडे दिवस आपल्याकडे यावं, असं बायकोला फार वाटतं. काल तिने पुन्हा विचारलं. सासरे म्हणाले, "तुमच्याकडे बघायला काय आहे?" मी समोरच बसलो होतो.

निघताना साडूने एका पिशवीत पाणी भरून त्यात एक रोपटं दिलं.

"साडूभाऊ, हे पाण्याखालीच वाढतं. उजेडसुद्धा फार लागत नाही. एकदा लावा आणि विसरून जा. फक्त हात लावायचा नाही."

शेवटचं वाक्य अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलला. ठीक आहे. त्याच्याच झाडाने त्याला धडा शिकवतो.

७ जानेवारी
हाफ डे टाकून टँक आणला. रेती धुतली. झाड लावलं. चार-पाच पानं, रंग धड हिरवा नाही, धड तपकिरी नाही. साडूच्या टँकमध्ये हेच झाड झुडपाएवढं झालंय. माझं त्याच्या दुप्पट होणार. मग त्याला घरी बोलावून, काही न बोलता, नुसतं त्या कोपऱ्याकडे बघणार.

बायकोने विचारलं, मासे कुठे आहेत. म्हटलं, मासे कोणीही पाळतो.

संकल्प: हात लावायचा नाही.

१० जानेवारी
मूळ धरलं की नाही हे वरून कळत नाही. आमच्या लाइनमध्ये नियम आहे, बिघडायच्या आधी उघडून बघा. याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात. साडू विम्याच्या ऑफिसात कागद सरकवतो, त्याला काय कळणार.

उपटून पाहिलं. धरलं नव्हतं. बघितलं म्हणून तरी कळलं. परत लावलं, जरा खोल.

१४ जानेवारी
पुन्हा तपासलं. अजून नाही.

१७ जानेवारी, संध्याकाळ
दोन पानं विरघळली. भिजलेल्या कागदासारखी हातात आली. साडूने सडकं झाड गळ्यात मारलं, हे आता स्पष्ट आहे. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो.

टँकवाल्या दुकानदाराकडे तक्रार घेऊन गेलो. तो म्हणाला, हे झाड जागेवरून हललं की पानं टाकतंच, त्याचा स्वभावच तसा आहे. मूळ जिवंत असेल तर आपोआप फुटेल, तुम्ही गप्प बसा. गिऱ्हाइकाला गप्प बसा म्हणतो. चौकशी केली तेव्हा कळलं की साडूही सगळं सामान इथूनच घेतो. म्हणजे आतून मिळालेले आहेत.

२० जानेवारी
विचार केला. 'उजेड फार लागत नाही' हे साडूने का सांगितलं असेल? माझं झाड खुरटं राहावं म्हणून. उजेडाशिवाय झाड वाढतं हे शाळेतल्या पोराला तरी पटेल का?

लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करताना लावतो तो मोठा दिवा ऑफिसातून आणला. टँकवर बांधला. हॉलमध्ये लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी पडदे ओढून घेतले.

२४ जानेवारी
साडूचा फोन. झाड कसं आहे, म्हणाला. मी म्हटलं, फार माजलंय, छाटावं लागतंय. तो म्हणाला, इतक्या लवकर? मी म्हटलं, हाताला गुण लागतो. त्याने विषय बदलला. फार बरं वाटलं.

त्याच ओघात सासऱ्यांनाही फोनवर घेतलं आणि सांगून टाकलं, आमच्याकडे आता बघण्यासारखं आहे, राहायला या. सासरे म्हणाले, थंडी सरली की येतो.

बायकोने हे ऐकलं आणि ओट्याजवळ नुसती उभी राहिली. मग आतली खोली आवरायला घेतली. कालच आवरली होती.

२९ जानेवारी
पाणी हिरवंगार. काचेला शेवाळं. झाड दिसत नाही, पण त्याची हरकत नाही, म्हणजे साडूलाही दिसणार नाही. दिवा काढला. (ऑफिसात दिव्याची शोधाशोध चालू होती.)

२ फेब्रुवारी
टँक रिकामा करून घासला. झाडाचं एकही पान उरलेलं नाही. करंगळीएवढं खोड आणि चार दोरे. उचलून कचऱ्यात टाकलं. बायको म्हणाली, राहू द्या ना. मी म्हटलं, साडूची घाण माझ्या घरात नको.

७ फेब्रुवारी
नवा प्लॅन. प्लॅस्टिकचं झाड. दुसऱ्या दुकानातून आणलं, पहिला दुकानदार फितूर. साडूच्या झाडाच्या तिप्पट. एकेक पान बघून घ्यावं असं. रंगही आयुष्यात उतरणार नाही.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. त्याने सडकं दिलं, मी न सडणारं लावलं. फिट्टंफाट.

९ मार्च, रविवार, दुपार
मंडळी आली. साडू सासऱ्यांची बॅग घेऊन वर आला. मी काही न बोलता कोपऱ्याकडे बघितलं. साडूनेही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, छान आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते रोजनिशीत लिहिण्याच्या लायकीचं नाही.

सासरे खुर्ची ओढून टँकसमोर बसले. सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात झाड हललं. सकाळी मी बुंधा घट्ट आहे ना म्हणून जरा ओढून बघितला होता, तेवढंच. ते रेतीतून सुटलं, सावकाश वर आलं आणि पाण्यावर उलटं झालं. बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: लहान मुलांनी तोंडात घालू नये.

साडू हसला नाही. त्याने मला टॉवेल आणून दिला. हसला असता तर परवडलं असतं. आता लिफ्टच्या जोडीला ही गोष्ट.

सासरे उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच हाक मारली. ओट्याच्या कोपऱ्यात, डब्यांच्या मागे, जिथे नीट उजेडही पोचत नाही, एक पाणी भरलेली काचेची बरणी. तळाला मूठभर रेती. त्यात ते कचऱ्यातलं खोड. त्याला दोन नवी पानं, आणि तिसरं गुंडाळी करून वर येत असलेलं.

बायको म्हणाली, मी काहीच केलं नाही हो बाबा. बरणीत ठेवलं आणि विसरले.

सासऱ्यांनी खुर्ची तिथे मागवली. बराच वेळ बरणीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे पान उघडेपर्यंत राहतो मी." बायको गॅसकडे तोंड करून उभी राहिली. गॅसवर काही नव्हतं.

९ मार्च, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. झाड माझ्या घरात. सासरे माझ्या घरात. साडू एकटाच खाली गेला, हात हलवत. म्हणजे सूड पूर्ण झालेला आहे. बरणी कोणाची, हा तपशील.

१५ मार्च
साडूचा फोन. बाबा नाहीत तर टँकसमोरची खुर्ची ओकीओकी वाटते, म्हणाला. मी त्याला ते वाक्य परत म्हणायला लावलं. लाइन खराब आहे असं सांगून.

सासरे सकाळी चहा घेऊन बरणीसमोर बसतात. बायको शेजारी भाजी निवडते. दोघं फारसं बोलत नाहीत. मधेच ते म्हणतात, आज जरा सुटलंय. ती म्हणते, हो ना. मीही एकदा शेजारी बसलो. सासऱ्यांनी बरणी थोडी स्वतःकडे सरकवली.

२० मार्च, सकाळ
रविवारी साडू भेटायला येतोय. पान त्याच्या डोळ्यांदेखत उघडलं पाहिजे, नाहीतर मजा काय. पण ते अडलंय. सासरे म्हणतात, त्याला घाई नाही. मला आहे. कुठेतरी अडचण असणार, आणि अडचण नेहमी खाली असते.

सासरे आंघोळीला गेले. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला. फक्त मूळ बघितलं. उत्तम धरलं होतं. सगळी रेती धरून ठेवली होती, सोडवायलाच वेळ लागला. परत होतं तसं लावलं. कोणाला पत्ता लागला नाही.

२३ मार्च, रविवार
तिन्ही पानं गेली.

सासरे चहा तसाच ठेवून बरणीकडे बघत होते. मग माझ्या नखांकडे बघितलं. रेती फार चिवट असते.

"जावईबापू, उघडून बघितलंत ना?"

मी लिफ्टमधला नियम समजावून सांगायला लागलो. ते उठले. बायको त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच शर्टाची घडी तिने उलगडून पुन्हा पुन्हा घातली. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. वाईट वाटलं.

साडूला पाच मजले चढायला लागावेत म्हणून मी पहाटेच लिफ्ट मेंटेनन्सला काढली होती. उतरताना सासऱ्यांचे गुडघे आठवले. साडूने त्यांना हात दिला, मी मागून बॅग घेऊन. प्रत्येक मजल्यावर थांबलो. एकदाही तो लिफ्टवरून बोलला नाही. गाडीत बसताना म्हणाला, "मूळ शाबूत असेल तर परत फुटेल, साडूभाऊ. फक्त..." पुढचं त्याने गिळलं.

सासरे काच खाली करून म्हणाले, फुटलं तर कळवा, येईन.

२४ मार्च
बायकोने बरणी पुन्हा डब्यांच्या मागे ठेवली. मला समोर बसवून शब्द घेतला. दिला. मनापासून दिला. पान आलं की बाबा येणार, एवढं साधं आहे. काही करायचंच नाहीये.

संकल्प: हात लावायचा नाही.

३० मार्च, सकाळ
अजून काही फुटलेलं दिसत नाही. फार काळजी वाटली. बायको बाजारात गेली होती.

मुळं चांगली आहेत.