तृप्तीच्या दोन ओळी

सिहोरा, २० ऑगस्ट १९९९

चि. विनोदला ताईचे अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. खाली तृप्तीच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे होत्या. मामीची वांग्याची भाजी आवडते म्हणे. लबाड! इथे मी केलेलं वांगं ताटात दिसलं की तोंड फिरवायची.

आमची धानाची रोवणी आटपली. पोरीचं सातवीचं वर्ष आहे, गणितात ढिली सोडू नकोस. तिला वाचून दाखव, की चाचणीत नापास झालीस तर बायजाबाईच्या नातवाचं स्थळ तयारच आहे, त्यांना रोवणीला हात हवेच आहेत. मग बघ कशी पुस्तक उघडते.

वहिनीला जयभीम. लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहू दे.

तुझी ताराताई

सिहोरा, १० सप्टेंबर १९९९

चि. विनोदला अ. आ.

तुझी दोन पत्रं आली, दोन्हींत खालची जागा कोरी. पोरगी मजेत आहे, वेळेवर शाळेत जाते, असं तू लिहितोस. मग दोन ओळी लिहायला तिच्या हाताला काय झालं? हे म्हणतात, कायले घाबरून राहिली, शिकणारी पोरगी पत्रंच लिहीत बसन का. पण मला भीती वाटते, विनोद. या वयात पोरी आतल्या आत कुढतात आणि वरून हसतात. काल निंदताना तणाबरोबर धानही उपटलं मी.

तू स्वतः शाळेत जाऊन ये. ऑफिसचं कारण सांगू नकोस. एवढी माया कर.

तुझी ताई

भंडारा, १६ सप्टेंबर १९९९

ती. ताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

आधी हे वाच, की तृप्ती घरी आहे आणि माझ्यासमोर जेवते आहे.

आज शाळेत गेलो. हजेरीपटावर ती अकरा दिवस गैरहजर. रोज साडेदहाला दप्तर घेऊन निघते, पाचला परत येते, मग दिवसभर असते कुठे? सायकलनं बाजार पाहिला, तलाव पाहिला. तलावाशी काय काय मनात आलं, ते लिहीत नाही. शेवटी एसटी स्टँडवर सापडली, तुमसर-सिहोऱ्याकडची गाडी लागते तिथल्या बाकावर भूगोल वाचत बसलेली. तुमच्यापैकी कोणी तिला परत न्यायला येतं का, हे रोज बघायची.

गणितात पन्नासपैकी नऊ पडलेत. पालकाला आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्यापासून ऑफिसातले निम्मे कारकून तिकडे गेले, त्या कामाच्या रगाड्यात पालकसभेलाही मी गेलो नव्हतो. आणि मला सांगायची तिची छाती झाली नाही, कारण तुझं ते स्थळाचं पत्र मी जेवताना मुद्दाम आवाज जड करून वाचलं होतं.

ती थट्टा होती, असं मी तिला समजावलं. तर थोरल्या बहिणीचं नाव घेऊन म्हणाली, मामा, रीनाताईची बी अशीच थट्टा करत होते, मंग नववीत नापास झाली न् तिचं लगन लावून देलं.

ताई, खरं लिही. थट्टाच होती ना?

तुझा विनोद

सिहोरा, २० सप्टेंबर १९९९

चि. तृप्तीस आईचे अ. आ.

हे पत्र तुझ्या नावाचं आहे. मामानं वाचायचं नाही.

थट्टा अर्धीच होती, बाळा. बायजाबाईनं खरंच विचारलं होतं. तुझे बाबा बघू म्हणाले आणि मी गप्प बसले. रीनाच्या वेळीही अशीच गप्प बसले होते. जे तोंडानं बोलायचं धाडस नव्हतं, ते हसत हसत पत्रात लिहून टाकलं.

काल बायजाबाईच्या ओट्यावर जाऊन नाही म्हणून सांगून आले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मलाही भीती वाटते, पण तू त्या बाकावर बसून अकरा दिवस भ्यालीस, त्यापुढे ही काहीच नाही.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं येते. त्याच बाकावर थांब. मला उतरताना पाहून पळू नकोस, मी तुला शाळेत न्यायला येते आहे. तो नऊ मार्कांचा पेपर बरोबर आण, त्यावर मी सही करीन.

लहानांना आशीर्वाद लिहायचे असतात, लोभ मागायचा नसतो. तरी मागते. आईवर लोभ असू दे.

तुझी आई