बाबांची फिकट बिअर

आई,

यीस्टचं पार्सल लोणावळ्यात कुरिअरवाल्याकडे पडलंय, ते घेऊन तासाभरात येते. मागच्या पडवीत बाबांचं बिअरचं मोठं पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलंय. तू बोलावलेला भंगारवाला आला तर एवढं देऊ नकोस, आत गरम पाण्यात माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव मुरतायत.

बाबांची काळी बिअर छान व्हायची आणि फिकट मात्र तुरट. "यापेक्षा माझा कोरा चहा बरा," असं तू म्हणायचीस आणि ते बिचारे माल्ट बदलत बसायचे. दोष आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा होता. काळं भाजलेलं माल्ट मुळातच आंबट, ते पाण्याला सांभाळून घेतं. फिकटाला वरून ॲसिड लागतं. बाबा अंदाजाने लिंबू पिळायचे. आज मी लॅक्टिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून आंबटपणा मोजायचा मीटर लावला. आकडा पहिल्यांदाच हवा तिथे आला, तेव्हा आता तू बाबांसारखं लिंबू पिळू नकोस.

अकराला झाकण काढून एकदा ढवळशील? बाबा गेल्यापासून तू मागचं दार उघडलेलं नाहीस, माहीत आहे मला. वास तोच येईल, त्यांच्या रविवारचा. बसवलं तर जरा वेळ तिथेच बस.

माधवी