झाकण महानंदाबाईला, पातेलं मंडळीला

लिहून ठेवते ऐसाजे. मी तबीथा येडू लोखंडे, वय अठरा पूर्ण (बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तारीख हाय, बघून घ्यावी), धंदा मिलच्या कामगारांना भाकरी-कालवण करून देणे, राहणार मिशन कंपाउंड, खालची ओळ, सोलापूर. 'ऐसाजे' म्हंजे काय ते मला ठावं न्हाय. सात रस्त्यावरचा टायपिंगवाला म्हणाला, त्याच्याबिगर कागदाला वजन येत न्हाय. बाकीचं त्याच्याकडनं टाईप करून घेतलं न्हाय. मधीच हसला असता.

माझं डोकं जाग्यावर हाय. राग बी जाग्यावर हाय. कुणी दटावून लिहून घेतलेलं न्हाय.

माझ्या काळजाची एक झडप अरुंद झालीय. अठरा तारखेला मिरजेला आपरेशन हाय. डाक्टर म्हणले, शंभरातली ऐंशी उठत्यात. राहिलेल्या विसात मी निघाले तर म्हणून हा कागद.

कलम पहिलं. घर. घर माझं न्हाय, मिशनचं हाय. त्यात मरणाऱ्याला ते देता येत न्हाय. पण चुलीवरच्या भिंतीला जे काळं झालंय ते आईचं हाय. चुना मारायच्या आधी जरा बघून घ्या.

कलम दुसरं. तवा, पाटा-वरवंटा आणि दोन लुगडी आमच्या ओळीतल्या चंद्रव्वाला. तिनं पाट्यावर लसूण वाटताना माझी आठवण काढू नये, रडली तर चटणी खारट होईल.

कलम तिसरं. पिठाचा डबा गिरणीवाल्या चनबसप्पाअण्णांना. त्याचं कारण खाली येईल.

कलम चौथं. आईचं पवित्र शास्त्र नर्स सोजरबाईंना. आईला वाचता येत नव्हतं. मी सहावीत शाळा सोडली तवापासनं चुलीपुढं बसून मीच वाचून दाखवायची. पानांना हळदीची बोटं हायत. आईकडं घड्याळ नव्हतं. डाळ शिजायला तेविसावं स्तोत्र पंचवीसदा, कण्या शिजायला प्रभूची प्रार्थना बारादा. घाईघाईनं म्हटलं तर कण्या कच्च्या राहायच्या, म्हणून आमच्या घरात प्रार्थना सावकाश व्हायची. आजाऱ्याकडं गेली की आधी हुलग्याचं माडगं पाजायची, मग डोक्यावर हात ठेवायची. म्हणायची, "उपाशी माणूस आमेन म्हणतो ते लवकर संपावं म्हणून."

आता कलम पाचवं. ह्यासाठीच सगळा कागद हाय.

माझ्या आईचं नाव पहिलं मायाक्का. बाप्तिस्मा झाला तवा पाळकसाहेबांनी मार्था ठेवलं, कारण शास्त्रातल्या मार्थासारखी ही बाई बी सारखी रांधती आणि वाढती. बाप दोर वळायचा. त्यानं दोरखंड विकून तिला पितळेचं मोठं पातेलं घेतलं आणि त्याच्यावर नाव कोरून आणलं, 'मार्था येडू लोखंडे'. तिला एवढीच अक्षरं येत होती, ती बी बोटानं.

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये प्रीतिभोजन असतं. प्रत्येक घरचं एक भांडं, सगळी भांडी एका चादरीवर. आई दरसाल कण्या घालून आंबाडीची भाजी न्यायची. आणि दरसाल महानंदाबाई, वरच्या ओळीतल्या, चर्चच्या पंचांच्या मालकीण, रविवारच्या शाळेच्या बाई, म्हणायच्या, "अगं मार्था, आमची पोटं भरली की गं! राहू दे झाकून."

अजून जेवणाचा आशीर्वाद मागायचा असायचा, तवर ह्यांचं पोट भरलेलं.

मग वरच्या ओळीतलं कुणीच आईच्या पातेल्यात डाव घालायचं न्हाय. दोरवाल्याच्या घरचं ते. एकाच ताटलीतली प्रभूची भाकर खायची, एकाच देवाला बाप म्हणायचं, आणि आंबाडीत मात्र जात सापडायची. आई भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन परत यायची. म्हणायची, "बरं झालं की, आपल्याला दोन दिस पुरंल." नऊ वर्षं आमी ते दोन-दोन दिस खाल्लं. दुष्काळाच्या साली सुद्धा परत आलं. खडी फोडून आणलेल्या कण्या होत्या त्या, महानंदाबाई. तुमाला भूक होती. मी तुमचं तोंड बघत होते.

गेल्या साली आई अंथरुणाला खिळलेली. वरच्या ओळीतल्या सोजरबाई, नर्स, त्या एकट्या आमच्यात चहा घ्यायच्या. त्यांनी त्यांच्या नावाचं पातेलं मला दिलं. म्हणल्या, "तबीथा, ह्यात शिजीव. बघू तर खरं."

मी आईचीच आंबाडी शिजवली. बारादा प्रार्थना म्हणून शिजवली. सोजरबाईंनी ते चादरीवर ठेवलं.

ऐका आता. महानंदाबाई, तुमी तीनदा घेतली. बोटं चाटून म्हणालात, "सोजर, हात असावा तर असा! न्हायतर ती मार्था, जन्म गेला तिचा चुलीपुढं, तिला कवा जमणार ही?" सगळी हसली. मी तितंच पाण्याची कळशी घेऊन उभी होते. तुमच्या पेल्यात पाणी मीच ओतलं. सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं, सांगू का म्हणून. मी मान हलवली, नको.

ते माझं पाप हाय. चार माणसांत माझं तोंड उघडत न्हाय, जीभ टाळूला चिकटती. पण त्या दिशी उघडायला पायजे होतं.

घरी येऊन मी पातेलं आईच्या उशाला ठेवलं. म्हटलं, "आई, रिकामं झालं गं! पुसून खाल्लं त्यांनी." आई उठून बसली. पातेल्यावरच्या नावावरनं बोट फिरवलं.

म्हणाली, "हे माझं न्हाय."

"भाजी तर तुझीच ना?"

"नाव माझं न्हाय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. जानेवारीत गेली. तिच्या नावाचं भांडं एकदा बी रिकामं होऊन घरी आलं न्हाय.

तर त्या भाजीनं तुमच्यातलं एकबी माणूस मेलं न्हाय, बाटलं न्हाय, कुणाच्या अंगावर फोड बी उठला न्हाय. हे सगळ्यांसमोर वाचून दाखवावं.

आईच्या नावाचं पातेलं मी मंडळीला, म्हंजे आपल्या चर्चला, देते. अट अशी: चोवीस तारखेला हंगामाच्या सणाला ते चादरीच्या मधोमध ठेवायचं. शिजवायचं चंद्रव्वानं, खालच्या ओळीच्या हातानं. आंबाडी उकडून पिळायची, पहिलं पाणी टाकायचं, कण्या आणि शेंगदाणे, वरनं लसणाची फोडणी. प्रार्थना सावकाश म्हणायची. नाव लोकांकडं करून ठेवायचं. रिकामं झालं तर ते मंडळीचं.

न्हाय झालं तर सोजरबाईंनी ते सात रस्त्यावर न्यावं आणि जो येईल त्याला वाढावं. बोलावलेले पाव्हणे न्हाय आले तर रस्त्यावरच्यांना आत घ्या, असं प्रभूनं सांगितलंच हाय. आपल्याकडं तर रस्ते सात हायत.

कलम सहावं. पातेल्याचं झाकण महानंदाबाईंना. 'राहू दे झाकून' म्हणायची त्यांना सवय हाय.

कलम सातवं. मी मेले तर तवर ज्यांनी आईच्या पातेल्यातलं खाल्लंय त्यांनीच माझ्या पेटीला खांदा द्यावा. तेवढी चार माणसं न्हाय भरली तर मिलचे कामगार येतील. भूक लागली की ते नाव विचारत न्हाईत.

टायपिंगवाला म्हणतो, माणूस जितं असताना मृत्युपत्र वाचत न्हाईत. आईनं वाट बघून काय मिळवलं? मी मातीत असले तरी आणि मिरजेच्या खाटेवर जिती असले तरी, हे चोवीस तारखेला जेवणाआधी मोठ्यानं वाचायचं. सोजरबाईंनी वाचावं. गेल्या साली त्या बी गप बसल्या होत्या.

शेवटचं. साक्षीदारानं आधी आईच्या पातेल्यातलं जेवायचं, मग सही करायची. आज मी ते चुलीवर ठेवलंय.

चनबसप्पाअण्णा आमच्या मंडळीतले न्हाईत, लिंगायत हायत. उंबऱ्यात उभं राहून म्हणले, "तबीथव्वा, सही करतो. जेवायचं तेवढं सांगू नको. आमच्यात चालत न्हाय, तोंडावर सांगतो." म्हटलं, "मग सही बी नको अण्णा." अण्णांनी चुलीवरच्या पातेल्याकडं बघितलं. मग चप्पल काढली आणि बसले. जेवल्यावर म्हणले, "लिही की हे बी. मरणाच्या कागदावर खोटं कशाला?" म्हणून लिहिलं.

ठिकाण: सोलापूर. तारीख ९ नोव्हेंबर १९७४.

सही: तबीथा येडू लोखंडे

साक्षीदार १: जेवले. गेल्या साली बोलले न्हाय, औंदा वाचीन. — सोजरबाई, नर्स

साक्षीदार २: जेवलो, दोनदा. मीठ थोडं कमी. — चनबसप्पा, पिठाची गिरणी

साक्षीदार ३: ही जागा महानंदाबाईंसाठी मोकळी ठेवलीय. आधी जेवण, मग सही.

........................